देवळाईतली सात रो-हाऊस, चारशे लीड आणि एकही इसार नाही: जाहिरातीत नेमकं काय चुकतंय?

देवळाईकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरचा. वडिलांनी फार पूर्वी देवळाईत घेऊन ठेवलेल्या जागेवर मी आणि मेहुण्यानं मिळून अकरा रो-हाऊस बांधायला घेतली. जागा एनए (बिगरशेती) आहे, महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी आहे, एका बँकेनं प्रोजेक्ट मंजूर केलाय. चार घरं ओळखीपाळखीत गेली, सात राहिली. गिलावा झाला, फरशी चालू आहे.

दिवाळीपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली. ओळखीच्या एका पोरानं करून दिली. अडीच महिन्यांत चाळीस हजार गेले आणि चारशेच्या वर लीड, म्हणजे जाहिरातीतला फॉर्म भरून नंबर देणारे, आले. फोन लावला की निम्मे म्हणतात, "आम्ही काही भरलंच नाही." काही जण भाडं विचारतात. साइटवर आले नऊ जण, इसार एकाचाही नाही. इकडं बँकेचं व्याज चालूच आहे, झोप लागत नाही. मेहुणा म्हणतोय ऑनलाईनचा नाद सोडू आणि पेपरात मोठी जाहिरात देऊ. कुणी अनुभवातून सांगेल का?

सोयाबीन_पट्टा

दादा, मी लातूरला एजंट आहे, रेरात नोंद आहे. जाहिरात जशीच्या तशी इथं टाका. ती बघितल्याशिवाय काही सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

देवळाईकर

ही घ्या:

"स्वप्नातलं घर आता तुमच्या बजेटमध्ये!! लक्झरीयस २ बीएचके रो-हाऊस. बीड बायपासपासून फक्त ५ मिनिटं. निसर्गरम्य परिसर, सर्व सुविधांनी युक्त. किंमत ४०+ लाख. मोजकीच घरं शिल्लक. आजच फोन करा!"

सोबत थ्रीडी चित्र आहे. हिरवळ, पांढरी गाडी, मागं डोंगर.

पूर्णाकाठची

मी विकणारी नाही, घेणारी आहे. माहेर परभणीचं, नोकरी पुण्यात, राहते वाकडला. सासू-सासरे संभाजीनगरात असतात म्हणून आम्ही सव्वा वर्ष तिथं घर शोधलं. त्यामुळं तुमची जाहिरात माझ्यासारखीनं पाहिली तर काय होतं ते सांगते.

मी थांबले नसते. वाईट आहे म्हणून नाही, तर अगदी अशाच जाहिराती मी शंभर पाहिल्यात. सगळ्यांत तीच हिरवळ, तोच डोंगर. देवळाईत हिरवळ कुठून येणार हे मला माहीत आहे. चित्र खोटं वाटलं की पुढची किंमतही खोटी वाटते.

पुण्याहून घर बघायला यायचं म्हणजे आमचा शनिवार-रविवार, येण्या-जाण्याचा खर्च आणि लेकराची शाळा सांभाळून केलेली कसरत. एका ठिकाणी फोनवर "११०० फूट" सांगितलं. आम्ही गेलो, सासऱ्यांनी टेप लावला. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापराची जागा, निघालं साडेसातशेच्या आत. बाकीचं जिना, भिंती, गच्ची, पार्किंग. परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. त्यानंतर मी ठरवलं, ज्याच्या जाहिरातीत कार्पेट लिहिलेलं नाही त्याला फोनच करायचा नाही.

दादा, तुमच्याकडं कागद आहेत, बँक आहे, घर उभं आहे. यातलं काहीच जाहिरातीत नाही. जे आहे ते लपवलंय आणि जे नाही ते दाखवलंय.

सोयाबीन_पट्टा

ताईंनी सगळं सांगितलं, मी फक्त कायद्याचं जोडतो, कारण ही जाहिरात उद्या तुम्हाला महागात पडेल.

रेरा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ११ प्रमाणं जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक असायला पाहिजे. तुमच्यात दोन्ही नाहीत. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही बंधनकारक आहे, नाहीतर ५० हजारांपर्यंत दंड. "मी फक्त व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं" हे चालत नाही. कायद्यात जाहिरात म्हणजे कोणत्याही माध्यमातली, कोणत्याही रूपातली प्रसिद्धी.

कलम १२ नीट वाचा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई तुमच्यावर. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. "सर्व सुविधांनी युक्त" लिहिताना कोणत्या सुविधा ते मनात तरी ठरवलं होतं का?

आणि इसार घेताना घाई नको. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, कलम १३.

तो क्यूआर अडचण समजू नका. माणूस स्कॅन करतो, नोंदणी कधीची, काम कधी संपणार, काही दावा आहे का, सगळं सरकारी पानावर दिसतं. तुमच्याबद्दल सरकारच बोलतंय. याच्यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

वीस_बाय_तीस

धागा चांगला चाललाय म्हणून मधेच विचारतो. माझा पडेगावकडं एक २० बाय ३० चा प्लॉट आहे, स्वतःचा, व्यवसाय नाही. फेसबुकच्या ग्रुपवर टाकला की शंभर जण "किंमत?" लिहितात आणि गायब होतात. गुंठेवारीचा आहे, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्यातला. मित्र म्हणतो गुंठेवारी लिहू नको, गिऱ्हाईक पळतं.

गावनमुना_सात

मी तलाठी म्हणून तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मित्राचं ऐकू नका.

गुंठेवारी लपत नाही. घेणारा फोनवर महाभूलेख हे सातबाऱ्याचं सरकारी संकेतस्थळ उघडतो, गट नंबर टाकतो आणि एका एकराच्या सातबाऱ्यावर चाळीस नावं दिसतात. तुम्ही सांगितलं नव्हतं हेही त्याला तिथंच कळतं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट उघडली. तुमचं नियमितीकरण झालं असेल तर त्या प्रमाणपत्राचा फोटो जाहिरातीत पहिला लावा, प्लॉटचा नंतर. झालं नसेल तर तसं लिहा आणि किंमत त्याप्रमाणं ठेवा. मग जो फोन येईल तो घेणाऱ्याचाच असेल.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या जाहिरातवाल्यांना ठाऊक नसते. आपण निजामाच्या राज्यात होतो. इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या) अशा जमिनी इथं गावोगाव आहेत. इनामं रद्द करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा, कुळांचा १९५० चा. कागदावरची ही ओढाताण अजून संपलेली नाही. जुनी कागदपत्रं उर्दूत आणि मोडीत असतात. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात बँकेचा बोजा असतो, बहिणींची नावं असतात. खिदमतमाश जमिनीवर प्लॉट पाडून विकलेले मी पाहिलेत. घेणारी माणसं कोण होती? एसटीचे कंडक्टर, शिक्षक, वाळूजच्या कंपनीतले कामगार. त्यांची आयुष्याची कमाई तिथं गेली. हे लिहितानाही मला त्रास होतो.

म्हणून देवळाईकर, तुमची जागा स्वच्छ असेल तर ते ओरडून सांगा. वडिलांच्या खरेदीखतापासूनचे फेरफार ओळीनं लावा. डिजिटल सहीचा ताजा सातबारा किंवा पीआर कार्ड (मिळकत पत्रिका), बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, सगळ्यांची एकच पीडीएफ करा. जो विचारेल त्याला पहिल्या मिनिटाला पाठवा. आमच्या भागात माणूस घर बघण्याआधी कागद बघतो, आणि कागद बघण्याआधी कागद दाखवणाऱ्याचं तोंड बघतो.

वीस_बाय_तीस

तलाठी काका, प्रमाणपत्र आहे. कपाटात ठेवलंय. आजच फोटो काढतो.

सोयाबीन_पट्टा

पाण्यावर अजून कुणी बोललं नाही, आणि मला तर तेच सगळ्यात मोठं वाटतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून आमच्याकडचा माणूस घर बघायला आला की किचनचा ओटा नंतर बघतो, आधी हौदाचं झाकण उचलतो. संभाजीनगरचं काय वेगळं आहे? जायकवाडीचं धरण उशाला आणि नळ कित्येक दिवसांनी. शहराच्या सातारा-देवळाई भागात टँकरचा खर्च घरखर्चात धरावा लागतो हे तुम्हाला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. तरी तुमच्या जाहिरातीत पाणी हा शब्द नाही.

मी काय करतो ते सांगतो. प्रत्येक साइटवर मे महिन्यात, भर उन्हात, बोअर चालू करून व्हिडिओ काढतो. मोटार सुरू झाल्यापासून पाणी पडेपर्यंत न तोडता. त्या दिवशीचा पेपर हातात धरतो म्हणजे तारीख दिसते. हा व्हिडिओ मी दसऱ्याला आणि दिवाळीला टाकतो. पावसाळ्यानंतर सगळ्यांच्याच बोअरला पाणी असतं, मेमध्ये कुणाला आहे ते महत्त्वाचं. एका साइटला मेमध्ये पाणी आलंच नाही. तिथं मी तसं लिहिलं, हौद किती लिटरचा आणि टँकर महिन्याला किती लागतात ते लिहिलं. ती घरंही गेली, थोड्या कमी भावानं. एकानंही नंतर भांडण केलं नाही.

देवळाईकर

आमची बोअर खोल आहे. गेल्या उन्हाळ्यात बांधकामालाच पाणी पुरलं, पण मेच्या शेवटी दोन आठवडे टँकर आणले. खरं लिहू का?

पूर्णाकाठची

लिहा दादा. "मेच्या शेवटी दोन आठवडे टँकर लागले, हौद इतक्या लिटरचा आहे" हे वाचून मी तर लगेच फोन केला असता. इतकं कुणी सांगतच नाही.

रील_जालना

मी जालन्यात घरांचे आणि प्लॉटचे व्हिडिओ काढते, कामच ते आहे. व्हिडिओबद्दल सांगते.

थ्रीडी काढून टाका. अर्धवट फरशी असलेलं खरं घर दाखवा. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात शूट करा, दुपारच्या उन्हात भिंती भाजलेल्या दिसतात. ओळखीच्या चौकातून गाडी निघते तिथून व्हिडिओ सुरू करा, वेग न वाढवता गेटपर्यंत या. रस्ता कच्चा असेल तर कच्चा दिसू द्या. मग गेट, हौद, मीटर, हॉल, किचन, मागचं अंगण, जिना, गच्ची. गच्चीवरून चारही बाजूंना काय आहे ते. शेजारी रिकामा प्लॉट असेल तर तोही. बोलणं तुमचं स्वतःचं, तुमच्याच बोलीत. "हे बगा, इथं देवघर बसतंय, पूर्वेला तोंड आहे." पुण्याचा आवाज भाड्यानं आणू नका. या लांब व्हिडिओतूनच पुढं तीस-तीस सेकंदांचे तुकडे कापा: एक पाण्याचा, एक किचनचा, एक कागदांचा.

ड्रोन लावणार असाल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. तुमच्याकडं चिकलठाण्याचं विमानतळ आहे, छावणी आहे. रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही. मला तर घराच्या जाहिरातीत ड्रोनची गरजच वाटत नाही. माणूस घरात जमिनीवरून जातो.

आणि "५ मिनिटं" काढा. किलोमीटर लिहा, नकाशावरची पिन नेमक्या गेटवर टाका. आमच्याकडं तर "समृद्धी टच" प्लॉटचं पीक आलंय. समृद्धीवर चढायला इंटरचेंजच लागतो, रस्त्याला चिकटलेल्या शेतातून गाडी वर जात नाही. प्लॉट महामार्गाला टेकलेला असून उपयोग काय, जर चढायला पंधरा किलोमीटर फिरून जायचं असेल? कंपाउंडपासूनचं नको, इंटरचेंजपासूनचं अंतर लिहायचं. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहतीच्या नावानं विकणाऱ्यांनीही हेच करावं.

देवळाईकर

रील ताई, आभार. पण लीडचं काय? चारशे लोकांनी फॉर्म भरला आणि निम्म्यांना आठवत नाही, हे कसं?

रील_जालना

फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आपोआप भरलेले येतात. स्क्रोल करताना बोट लागलं की गेला. फॉर्म बनवताना "हायर इंटेंट" असा पर्याय असतो, त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा दाखवून खात्री करून घेतात. तो घ्या. शिवाय एक प्रश्न असा टाका की हातानं टाईप करावा लागेल: "घर कधीपर्यंत हवंय आणि कर्ज काढणार का?" लीड चारशेवरून साठवर येतील. घाबरू नका.

जाहिरातीचा भाग बदला. आत्ता पूर्ण जिल्हा लावला असेल. एक जाहिरात चिकलठाणा-शेंद्र्यात नोकरी करणाऱ्यांसाठी लावा, पिन टाकून. दुसरी पुण्यात: वाकड, हिंजवडी, चाकण, भोसरी. तिथं मराठवाड्याची किती माणसं आहेत ते वेगळं सांगायला नको. त्या जाहिरातीची पहिली ओळच अशी लिहा: "आई-वडील संभाजीनगरला आणि तुम्ही पुण्याला?" ज्याचं ते आहे तोच थांबेल.

पूर्णाकाठची

ही ओळ वाचून मला भरून आलं. खरंच मी थांबले असते.

फोनबद्दल एक सांगू का? संध्याकाळी फॉर्म भरला आणि फोन तिसऱ्या दिवशी दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना आला, असं बहुतेक वेळा झालं. ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांनी दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर तीन ओळी लिहिल्या: नाव, कार्पेट, एकूण किंमत. आणि विचारलं, "ताई, कधी फोन करू?" माझा नवरा तिथंच म्हणाला, इथं काम होईल.

"४०+ लाख" म्हणजे काय हो? आम्हाला आकडा लागतो, कारण कर्ज, सासऱ्यांची पीएफची रक्कम आणि आमची बचत हे सगळं त्या आकड्यावर बसवायचं असतं.

सोयाबीन_पट्टा

बरोबर. घराची किंमत, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी, वीज मीटर, सोसायटीची ठेव, सगळं वेगवेगळं लिहा आणि खाली एकच बेरीज. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. जीएसटीचं तर लोकांना कळतच नाही: बांधकाम चालू असलेलं घर ४५ लाखांच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच. पूर्णत्वाचा दाखला आल्यावर विकलं तर जीएसटी नाही. खरेदी घरातल्या बाईच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, हे आवर्जून लिहा. नवरा-बायकोत त्यावर बोलणं होतं आणि तुमची जाहिरात घरात दोनदा वाचली जाते.

घरं विकायच्या पोर्टलवरही टाका, पण तिथं सगळे एका रांगेत उभे असतात. गुगलवर साइटच्या नावानं बिझनेस प्रोफाइल उघडा, आधी घरं घेतलेल्या चार जणांना खरा अभिप्राय लिहायला सांगा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टबद्दल एवढंच की ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून साइटवर येणाऱ्याला आधी नंबर सेव्ह करायला लावा.

आणि पेपर बंद करू नका असं माझं मत आहे. पाडव्याला आणि दसऱ्याला छोटी जाहिरात, क्यूआरसकट. सासरे पेपर बघतात, सून मोबाईल. दोघांना एकच आकडा दिसला पाहिजे.

देवळाईकर

नवीन मजकूर लिहिलाय. बघा:

"देवळाई, रो-हाऊस, ७ शिल्लक. कार्पेट ७६० चौरस फूट, वर गच्ची. किंमत ४१ लाख ५० हजार. सगळे कर आणि खर्च धरून होणारी बेरीज सोबतच्या तक्त्यात. मेच्या शेवटी दोन आठवडे टँकर लागले, हौद १२ हजार लिटर. शेवटचा ३०० मीटर रस्ता अजून कच्चा आहे. बँक मंजुरी आहे. सातबारा, नकाशा, परवाना: 'कागद' असं लिहून पाठवा, लगेच पाठवतो."

वर रेरा क्रमांक, संकेतस्थळ, क्यूआर. मेहुणा म्हणतोय कच्चा रस्ता लिहून आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय.

गावनमुना_सात

मेहुण्यांना सांगा, रस्ता ते लिहिल्यानं कच्चा झालेला नाही. माणूस येणारच आहे त्यावरून. हा मजकूर उत्तम आहे. "लक्झरीयस" गेलं, फार बरं वाटलं.

देवळाईकर

सात आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, माफ करा.

खर्च आधीपेक्षा निम्मा केला. लीड आले ५८. त्यातल्या ३१ जणांनी 'कागद' लिहिलं. बावीस कुटुंबं साइटवर आली, त्यातली आठ पुण्याची. टँकरबद्दल सगळ्यांनी विचारलं, पण भांडायला कुणी आलं नाही. उलट एका आजोबांनी विचारलं, "हौद वाढवता येईल का?" दोन घरांना वाढवून देतोय.

तीन घरांचे इसार झाले. एक करारनामा गेल्या आठवड्यात नोंदला, बाईंच्या नावावर. आणखी एक कुटुंब पाडव्याला ठरवतो म्हणालंय.

रस्त्याचं मेहुण्यानंच मनावर घेतलं. शेजारच्या प्लॉटवाल्यांना गोळा केलं, मुरूम टाकायचं ठरलंय. जाहिरातीतली ती ओळ काम झाल्यावर बदलीन, त्याआधी नाही.

मेमध्ये बोअरचा व्हिडिओ काढायचाय. रील ताई, दुपारी दोन वाजता उन्हात मोबाईल बंद पडतो, त्यावर काही उपाय आहे का?

रील_जालना

पांढरा ओला रुमाल मोबाईलच्या कव्हरबाहेरून गुंडाळा, कॅमेरा उघडा ठेवा, आणि शूट सुरू होईपर्यंत सावलीत ठेवा. चार्जिंगला लावून काढू नका. मेमध्ये मी संभाजीनगरला येणार आहे, कळवा, सोबत काढू.